बिअरचा डॉक्टर

ग्लास समोर आला की तो आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचा. चामड्याच्या पट्ट्याचा वास मध्ये येतो, असं त्याचं म्हणणं. मग ग्लासाच्या तोंडावर तळहात झाकून ग्लास दोनदा गोल फिरवायचा, हात काढायचा आणि नाक आत घालायचा. आधी डावी नाकपुडी, मग उजवी. डोळे मिटलेले. मग ग्लास माझ्याकडे सरकवून निकाल द्यायचा.

"जिती आहे जी. घ्या."

किंवा, "आजारी आहे. राहू द्या."

स्वतः तो एक थेंबही घ्यायचा नाही. सॅकमधून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायचा आणि पुढच्या ग्लासाची वाट पाहत बसायचा.

तुम्हीही पिणारी माणसं पाहिलीच असतील. पिऊन गाणारे, पिऊन रडणारे आणि पिऊन एकदम इंग्रजीत बोलायला लागणारे असे तीन प्रकार तर मी एकाच कोजागिरीला एकाच गच्चीवर पाहिले आहेत. पण सिंगापुरातली प्रत्येक ब्रुअरी पाठ आणि बिअरचा घोट मात्र जन्मात घेतलेला नाही, असा माणूस तुम्हाला भेटला नसेल. मला भेटला. तीन वर्षं, जवळजवळ दर शनिवारी दुपारी, मी त्याच्या शेजारी बसलो.

मी जहाजावर इंजिनियर होतो. आता किनाऱ्याला लागलोय. अलेक्झांड्रा भागातल्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या जहाजांच्या दुरुस्त्यांचे कागद तपासतो आणि क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावर राहतो. उमेदवारीच्या काळात आमचं जहाज इंग्लंडच्या एका बंदरात महिनाभर दुरुस्तीला अडकलं होतं. तिथे धक्क्यामागच्या पबात मी पहिल्यांदा रिअल एल प्यायलो. ही बिअर गाळत नाहीत, तापवून निर्जंतुक करत नाहीत. पिंपात भरल्यावरही तिच्यातलं यीस्ट आपलं काम करत राहतं, आणि वरून गॅस न सोडता हातपंपाचा दांडा ओढून ती ग्लासात काढतात. माठातल्या पाण्याइतकीच गार. पहिल्या दिवशी मला वाटलं यांचा फ्रिज बिघडलाय. मी इंजिनियर आहे, बघू का, असं मी विचारलंसुद्धा. महिन्यानंतर जहाजावर परत चढताना मात्र माझे डोळे भरून आले होते. चीफ इंजिनियरला वाटलं, पोराला घरची आठवण आली.

सिंगापुरात मिळायची ती बर्फाचे खडे टाकलेली बिअर. ती पिताना मला कायम दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटायचं. म्हणून मी दुकानातून इंग्लंडच्या एलच्या बाटल्या आणायचो आणि बायकोच्या, म्हणजे वासंतीच्या, नजरेला पडू नयेत म्हणून कोथिंबिरीच्या जुडीखाली ठेवायचो. अशीच एक पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरताना दाराला आपटली आणि आतली एक बाटली फुटली. पिशवीतून धार लागली. लिफ्टमध्ये एक सडपातळ, चष्मा लावलेला तिशीतला तरुण उभा होता. त्यानं नाक वर करून दोनदा हुंगलं आणि मराठीत म्हणाला, "काका, फुटली ते बरं झालं. ही दुकानात उन्हाच्या तिरपीत पडलेली होती. मेलेली आहे."

मी मराठी आहे हे त्याला कसं कळलं, ते मला आधी विचारायला हवं होतं. पण मी विचारलं, "आणि बाकीच्या?"

"बाकीच्या बंद आहेत जी. वास आल्याशिवाय कसं सांगू?"

तो नागपूरचा. सातव्या मजल्यावर एकटा राहायचा आणि जवळच्याच एका प्रयोगशाळेत यीस्टवर संशोधन करायचा. पीएचडी असल्यानं ब्लॉकमध्ये सगळे त्याला डॉक्टर म्हणत. नवव्या मजल्यावरच्या एक चिनी आजी त्याला लिफ्टमध्ये गाठून गुडघा दाखवायच्या. आपण त्यातले डॉक्टर नाही हे त्यानं चारदा समजावलं. पाचव्यांदा वाकून गुडघा पाहिला आणि गरम पाण्यानं शेका म्हणाला. आजींना आराम पडला. मग त्यांनी मैत्रिणींना आणलं.

एवढं बिअरचं ज्ञान असलेला माणूस म्हणजे दर्दी, असं समजून मी त्याला त्याच शनिवारी माझ्याबरोबर चल म्हटलं. तो आला. मी दोन ग्लास मागवले. त्यानं दोन्हींचा वास घेतला, दोन्ही माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "मी घेत नसतो जी. पंचशील आहे ना. पाचवं, नशा न करण्याचं."

"मग आलास कशाला?"

"तुम्ही बोलावलं म्हणून," तो म्हणाला. "आणि यीस्ट पाहायला. आम्ही लॅबमध्ये पाहतो तेव्हा ते परीक्षा द्यायला बसल्यासारखं असतं जी. इथं ते आपल्या घरी असतं."

त्याच्या मते बिअर ही वस्तू नव्हतीच. ती कुणीतरी होती. फार थंड बिअर आली की तो ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचा. "बेशुद्ध आहे. शुद्धीवर येऊ द्या." जास्त दिवस झालेली असेल तर, "म्हातारी आहे, पण खुटखुटीत आहे." एकदा एका महागड्या हॉटेलात वास घेऊन तो इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं आता हा दोन मिनिटं उभा राहणार.

मग आम्ही पद्धतशीर हिंडायला लागलो. नदीकाठच्या एका बड्या ठिकाणी काचेपलीकडे तांब्याची प्रचंड भांडी झळकत होती. मी भारावून गेलो. त्यानं ग्लास हुंगला, भांड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "रुखवत आहे जी. मांडून ठेवलं आहे. स्वयंपाक दुसरीकडे होतो." वेटरला विचारलं तर तो खाली मान घालून हो म्हणाला.

एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, एकानं चक्क बिअरचे नळ बसवले होते. एका बाजूला माशाचं सूप, दुसऱ्या बाजूला कॅरट केक, म्हणजे ज्यात गाजर नसतं आणि जो केकही नसतो तो. लसणाच्या फोडणीत डॉक्टरला बिअरचा वास येईना. त्यानं तीन टेबलं बदलली. शेवटी ग्लास घेऊन बाहेर बस स्टॉपवर जाऊन उभा राहिला, डोळे मिटून, ग्लासात नाक घालून. एक बस आली, थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि दार लावून घेतलं.

लिमची ब्रुअरी आम्हाला सापडली ती अशीच हिंडता हिंडता. जुन्या कारखान्यांची पाच मजली इमारत, माल चढवायची लिफ्ट, एका बाजूला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा, दुसऱ्या बाजूला मिरचीचा सॉस बाटल्यांत भरणारा. मध्ये लिम. हा पन्नाशीचा गृहस्थ पूर्वी एसी दुरुस्त करायचा. त्यामुळे सिंगापूरच्या उकाड्यात त्यानं पिंपांसाठी माठासारखी गार खोली स्वतःच्या हातानं बनवली होती. आणि टेबलावर होता इंग्लंडहून आणलेला जुना हातपंप, लाकडी दांड्याचा. आपल्याकडे हातपंप म्हटलं की बोअरिंग आठवतं, पण मला तो पाहून घरी आल्यासारखं वाटलं.

लिमनं दांडा ओढून दोन ग्लास भरले. डॉक्टरनं घड्याळ काढलं, वास घेतला. बराच वेळ घेतला. मग डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा बहिणीचं लग्न ठरल्यासारखा झाला होता. "जिती आहे जी! पूर्ण जिती आहे!"

मी दोन्ही ग्लास संपवले. लिमनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा मित्र पीत नाही?"

"नाही."

"आजारी आहे?"

"बुद्धिस्ट आहे."

"मीही बुद्धिस्ट आहे," लिम म्हणाला. मग हातपंपाचा दांडा फडक्यानं पुसत, सिंगापुरी माणसं वाक्याला लावतात ते शेपूट लावून म्हणाला, "मी जरा कमी बुद्धिस्ट आहे, ला."

लिमची आई दाराबाहेरच्या व्हरांड्यात स्टुलावर बसून मुगाच्या मोडांची शेपटं खुडत असायची. ऐंशीच्या पुढची बाई. तिच्याभोवती कुंड्या, त्यात मिरच्या आणि पांदान नावाच्या सुवासिक पानांची रोपं. ती फक्त होक्कियन ही चिनी बोली बोलायची. डॉक्टर आत जाताना दरवेळी तिला वाकून नमस्कार करायचा आणि ती त्याला मोड आलेल्या मुगाची एक मूठ द्यायची. तो ती तिथल्या तिथे खायचा.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

एका शनिवारी सकाळी लिमचा फोन आला. आवाज पडलेला. रविवारी एका लग्नात त्याची एल जायची होती. दुकानाबाहेरचं त्याचं पहिलंच मोठं काम. सहा पिंपं तयार होती, आणि त्यातलं एक उघडलं तर चव बिघडलेली. आधीच्या दोन खेपा अशाच वाया गेल्या होत्या. बायकोनं सांगितलं होतं, ही गेली तर परत एसी. "डॉक्टरला आणता का?" लिम म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा लिमनं सहा पिंपांतून सहा ग्लास काढून ओळीनं मांडले होते. सगळं ओतून टाकायची त्यानं मनाची तयारी केली होती. डॉक्टरनं घड्याळ खिशात टाकलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या. हे मी आधी पाहिलं नव्हतं. पहिला ग्लास हुंगला. "लवंग. आणि माती." दुसरा. "लवंग, माती, कमी." तिसऱ्यापाशी तो खूप थांबला. लिमनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. "जिती आहे." चौथा, पाचवा, सहावा. "जिती आहे. जिती आहे. ही तर उड्या मारून राहिली जी."

"चार चांगली?" लिमनं विचारलं.

"चार चांगली. पहिली दोन कुठली भरली?"

तीच. पहिल्या दोन ग्लासांचीच, लिमनं बोटानं दाखवली. डॉक्टरनं मोठ्या टाकीतून पिंपात बिअर भरायची लांब नळी मागितली. तिचं तोंड हुंगलं आणि ती हातात घेऊन, साप पकडल्यासारखी, बाहेर व्हरांड्यात गेला. मी मागे गेलो. लिम आत चार पिंपांना मिठ्या मारत होता.

बाहेर डॉक्टर एका मिरचीच्या कुंडीपाशी उकिडवा बसला. मातीचा वास घेतला. नळीचा वास घेतला. मग लिमच्या आईकडे पाहून त्यानं नळी वर केली आणि भुवया उंचावल्या. म्हातारी खूश झाली. तिनं नळी त्याच्या हातातून घेतली, एक टोक भिंतीवरच्या नळाला लावलं आणि दुसऱ्या टोकानं सगळ्या कुंड्यांना कसं पाणी घालते ते अभिनयासह दाखवलं. कुठेही वाकावं लागत नाही, कंबर दुखत नाही. नळीचं तोंड कुंडीतल्या ओल्या मातीत टेकवून ती विसाव्याला बसते, हेही दाखवलं.

मी डॉक्टरकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. आत जाऊन खरं सांगितलं असतं तर त्या इमारतीनं काय ऐकलं असतं, ते आम्हा दोघांना दिसत होतं. लिमच्या तीन खेपा, बायकोचे टोमणे, सगळं त्या स्टुलावर जाऊन आदळलं असतं.

तो आत गेला आणि लिमला म्हणाला, "नळीत माती गेली होती. त्यातलं रानटी यीस्ट आत बसलं. पहिल्या दोन पिंपांत ते वाहून गेलं, पुढची वाचली. नवी नळी आणा आणि रोज कपाटात कुलूप लावून ठेवा."

"माती कुठून आली?"

"व्हरांडा उघडा आहे जी," डॉक्टर म्हणाला. इंग्रजीतसुद्धा तो 'जी' लावायचा.

खाली उतरताना मी त्याला छेडलं, "काय रे, चौथं शील कुठे गेलं? खोटं बोलू नये ते?"

तो लिफ्टमध्ये गंभीर होऊन उभा राहिला. "माती होती ना काका? व्हरांडा उघडा आहे ना? खोटं कुठं बोललो?" मग दोन मजल्यांनंतर, "थोडं कमी बोललो." पुढच्या शनिवारी येताना त्यानं म्हातारीसाठी लांब मानेची प्लास्टिकची झारी आणली. पाणी घालताना वाकावं लागू नये अशी निवडून.

पण त्याआधीच दुसरी भानगड उभी राहिली होती. आनंदाच्या भरात लिमनं त्याचा फोटो काढला होता. समोर सहा ग्लास, मध्ये डॉक्टर, बाह्या वर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तृप्ती. पाठोपाठ दुसरा फोटो, त्यात बहुतेक ग्लास रिकामे. दोन्ही लिमनं ब्रुअरीच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकले आणि खाली लिहिलं, 'आमचे डॉक्टर. असं गिऱ्हाईक होणे नाही.'

हा फोटो सोमवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनीसला पोचला. तिथे मेश्राम काका राहायचे. वीस वर्षांपासून सिंगापुरात पाणी शुद्धीकरणात काम करणारे, अतिशय सज्जन आणि अतिशय कडक. रविवारी सकाळी त्यांच्या फ्लॅटवर पंधरा-वीस मराठी बौद्ध कुटुंबं वंदनेला जमत, आणि वंदनेनंतर मुलांचा वर्ग असे. त्या वर्गात मुलांना पंचशील समजावून सांगायचं काम कुणाकडे होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आठवडाभर त्याचा फोन वाजत होता. तो कुणालाच उत्तर देईना. मी विचारलं तर म्हणाला, "मी पीत नाही हे मीच कसं सांगू जी? पिणारा माणूसही तेच सांगतो." त्यात तथ्य होतं. मुलांचा वर्ग आपण आता सोडणार, असंही त्यानं ठरवून टाकलं होतं. वासंतीला हे कळलं तेव्हा ती भडकली. तिचा त्याच्यावर फार जीव होता, कारण तिच्या भाजीत हिंग जास्त पडलाय की कमी, हे तो दारातूनच सांगायचा. "तुम्ही साक्षीदार आहात ना?" ती मला म्हणाली. "मग चला. मीही येते."

रविवारी आम्ही तिघं टॅम्पिनीसला गेलो. जयभीम झाला, वंदना झाली. पुढच्या ओळीतल्या एका आठ वर्षांच्या मुलीनं मागे वळून डॉक्टरला मोठ्यानं, सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "अंकल, सिक्स ग्लासेस आह? यू नॉट ड्रंक मेह?" तिच्या आईनं तिला गप्प केलं. सगळ्या माना डॉक्टरकडे वळल्या.

मी उभा राहिलो. बंदरातल्या चौकश्यांची मला सवय आहे, पण समोर शांत बुद्धमूर्ती आणि तेवणाऱ्या मेणबत्त्या असताना साक्ष देण्याची नव्हती.

"यानं घेतली नाही," मी म्हणालो. "मी शेजारीच होतो."

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?" मेश्राम काकांनी विचारलं.

"डोळ्यांनी पाहिलं. हा फक्त वास घेतो."

"मग दुसऱ्या फोटोत ग्लास रिकामे कसे?"

इथे माझी पंचाईत झाली. वासंती माझ्या डाव्या हाताला बसली होती. त्या शनिवारी घरी आल्यावर तिला मी 'अर्धा ग्लास, लिमच्या समाधानासाठी' असं सांगितलं होतं.

"ते मी प्यायलो," मी म्हणालो.

"सहा?"

"चार. दोन बिघडलेले होते."

मेश्राम काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अशा माणसासमोर उरलेलं आपोआप बाहेर पडतं.

"त्या दोनांतलेही थोडे थोडे," मी म्हणालो. "कसे बिघडलेत ते पाहायला."

"अर्धा ग्लास," वासंती सावकाश म्हणाली. "समाधानासाठी."

आधी मागच्या बाजूला कुणीतरी फुसकन हसलं. मग बायका हसल्या. मेश्राम काकांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, चष्मा काढून पुसला, आणि शेवटी तेही हसले. "साहेब," ते मला म्हणाले, "दुसऱ्यासाठी स्वतःच्या बायकोसमोर एवढं खरं बोललेला माणूस मी पाहिला नाही." मग डॉक्टरकडे वळले. "वर्ग सोडायचा नाही. पुढच्या रविवारी मुलं येतील. आणि फोटो काढताना डोळे उघडे ठेवत जा, बापा."

परतीच्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, वासंती माझ्याशेजारी बसली नाही. ती डॉक्टरशेजारी बसली. मी समोरच्या सीटवर आरोपीसारखा. टॅम्पिनीस ते क्वीन्सटाउन बरीच स्टेशनं आहेत. तिनं त्याला विचारलं, "पण तू जातोस कशाला रे अशा ठिकाणी? इतकं सोसून?"

त्यानं दारावरच्या नकाशात किती स्टेशनं उरली ते मोजलं.

"काकू, माझे बाबा मालधक्क्यावर हमाली करायचे," तो म्हणाला. "लई घ्यायचे. संध्याकाळी ते आले की आई आधी मला दाराशी पाठवायची. म्हणायची, जा, पाहून ये. मी जवळ जाऊन वास घ्यायचो. किती घेतली, कुठली घेतली, आज मारतील की झोपतील, सगळं वासावरून समजायचं. मी आत येऊन सांगायचो. मग आई त्याप्रमाणे ठरवायची, लहान बहिणीला कुठं ठेवायचं."

गाडी जमिनीखाली शिरली. खिडक्या काळ्या झाल्या.

"मी नऊ वर्षांचा असताना एक दिवस बाबा विहारात गेले आणि सोडतो म्हणाले. कुणाला खरं वाटलं नाही. त्या दिवशी मी दाराशी गेलो. घाम आला, कोळसा आला. ती नाही आली. मी पुन्हा पाहिलं. नाही आली. आत जाऊन सांगितलं तर आईला वाटलं मला सर्दी झाली."

वासंती हसली आणि तिनं डोळे पुसले.

"पुन्हा कधी घेतली नाही त्यांनी. वारले तोवर. मग मला वाटायचं, त्या वासात एवढं होतं तरी काय? शाळेत सरांनी यीस्ट दाखवलं सूक्ष्मदर्शकाखाली. इवलंसं, गोल. मी म्हटलं, हे? हे तर काहीच वाईट करून नाही राहिलं. खाऊन राहिलं आणि श्वास घेऊन राहिलं." त्यानं चष्मा वर सरकवला. "तेव्हापासून पाहून राहिलो जी."

क्वीन्सटाउन आलं. उतरताना वासंती मला म्हणाली, "यापुढे शनिवारी दोन ग्लास. याच्यासमोर मोजून." ही शिक्षा होती की परवानगी, मला अजून कळलेलं नाही.

तो गेला त्याला आता सात-आठ महिने झाले. नागपूरला आई एकटी होती, तिला चालवत नव्हतं आणि तिथल्या एका कॉलेजात त्याला शिकवायची जागा मिळाली. जाण्याआधीच्या शनिवारी लिमनं त्याला निरोप पाठवला, दुपारी नको, सकाळी नऊला ये. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या भांड्यात भरडलेलं बार्ली-माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात भिजत होतं आणि पूर्ण मजल्यावर भाजक्या धान्याचा वास पसरला होता.

"आई माझ्यावर रागावली आहे," लिम म्हणाला. "म्हणते, हा माणूस तीन वर्षं आपल्या घरी येतो आणि आपण त्याला पाणीसुद्धा देत नाही, तेही तो स्वतःचं आणतो. लाज नाही वाटत? म्हणून आज बोलावलं." त्यानं भांड्याची खालची तोटी उघडून एलचा मोठा ग्लास भरला. आत तांबूस, वाफाळता, गोड रस. "यीस्ट अजून घातलेलं नाही. अल्कोहोल झीरो. बिअर व्हायच्या आधीची बिअर. बेबी ओन्ली, ला."

डॉक्टरनं ग्लास दोन्ही हातांत धरला, गरम दुधाचा धरतात तसा. माझ्याकडे पाहिलं, लिमकडे पाहिलं. आणि प्यायला. थांबत थांबत, पण पूर्ण. चष्म्यावर वाफ धरली होती ती त्यानं पुसलीही नाही.

"कसं आहे?" मी विचारलं.

"काकवीत गव्हाचं पीठ भाजून टाकल्यासारखं," तो म्हणाला. त्यानं ओठ पुसले. "गोड आहे जी. मला माहीत नव्हतं, सुरुवातीला इतकी गोड असते."

लिम पाठ फिरवून थर्मामीटर बघायला लागला. लिमची आई मात्र मोडांची परडी बाजूला ठेवून आत आली, त्याच्या हातातला रिकामा ग्लास घेतला, स्वतः तोटी उघडली आणि काठोकाठ भरून त्याच्यापुढे धरला. तो "बस जी आजी, बस झालं" म्हणत होता. ती होक्कियनमध्ये त्याला काहीतरी ठणकावून सांगत होती. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तो पीत होता.